अडीच पानांचं भाषण

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार कोणाचे, असं विचारलं तर मी नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावातल्या आमच्या शेजाऱ्यांकडे बोट दाखवतो. ते इंग्रज. चाळीस वर्षं इंग्लंडच्या टेलिव्हिजनवर नट होते. दुसऱ्या, डच बायकोबरोबर इथे आले आणि ती गेल्यावर आमच्या लगतच्या घरात एकटेच राहिले.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. सेलूच्या शाळेत शिकलो. इंग्रजी वाचता यायचं, चारचौघांत बोलता यायचं नाही. माझं फोनवरचं बोलणं एकदा त्यांनी कुंपणापलीकडून ऐकलं आणि म्हणाले, "वाक्य संपायच्या आत आवाज खाली का टाकतोस? कोणाची परवानगी मागतोस?"

त्या शनिवारपासून सकाळी अकराला शिकवणी सुरू झाली. चार वर्षं चालली. फी घेतली नाही. माझी बायको डब्यात पोहे द्यायची तेवढंच. चूक झाली की ते वाक्याच्या मध्येच टेबलावर थाप मारायचे. कधी कधी एका वाक्यात चार थापा. मी 'सर' म्हणायचो, त्यावर म्हणाले, "माझ्याबरोबरच्या दोघांना ते राणीने दिलं. मला तू देतोयस. बघ माझं नशीब."

त्यांचं करिअर त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. एका मालिकेत अकरा वर्षं पोलीस हवालदार होते. नवा निर्माता आला आणि हवालदाराला दोन मिनिटांत गाडीखाली मारून मोकळा झाला. पुढे पाद्री, न्यायाधीश आणि असंख्य डॉक्टर. "इंग्लंडमधल्या निम्म्या बायकांना नवरा गेल्याची बातमी मी दिली आहे," असं म्हणायचे. रस्त्यात लोक ओळखायचे, पण अर्धवट. "तुम्ही आमच्या बँकेत होता का?" असं विचारायचे. हे सांगताना ते हसायचे, आणि हसून झाल्यावर खिडकीबाहेर बघत बसायचे.

मी टीम लीड झालो, तो त्यांच्यामुळे. डच मॅनेजरला तोंडावर 'हे चुकीचं आहे' म्हणायला मी त्यांच्या टेबलाशी शिकलो.

मग त्यांना एक काम आलं. अनेक वर्षांनी. भूमिका म्हाताऱ्या डॉक्टरची होती, राहतं घर विकू पाहणाऱ्या मुलीसमोर अडीच पानांचं भाषण. "या वेळी बातमी माझी स्वतःची आहे," असं ते दोनदा म्हणाले. हे शेवटचं काम, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. शनिवारची शिकवणी थांबली. आता मी संहिता हातात धरून बसायचो आणि ते पाठ म्हणायचे.

पहिल्याच शनिवारी मी म्हणालो, "सर, इथे एक वाक्य राहिलं."

ते थांबले. "राहिलं नाही. मी थांबलो होतो. विसरणं आणि थांबणं यातला फरक कळायला तुला अजून वीस वर्षं लागतील."

माझे कान गरम झाले. त्यानंतर मी चूक सांगितली नाही. आमच्या शाळेत फळ्यावरचं गणित चुकलं तर आम्ही ते तसंच उतरवून घ्यायचो आणि घरी दुरुस्त करायचो. गुरुजींना कोण सांगणार? तेच मी न्यूनेनमध्ये केलं. राहिलेल्या वाक्यापाशी समासात पेन्सिलीने बारीक खूण करायची आणि गप्प बसायचं.

खुणा वाढत गेल्या. भाषणात म्हाताऱ्याच्या कुत्र्याबद्दल होतं, तो मजकूर गळायला लागला. मुलीला हाक मारताना ते आपल्या गेलेल्या बायकोचं नाव घ्यायला लागले. शेवटी विचारायचे, "कसं झालं?"

"परफेक्ट, सर."

एकदा माझी बायको डबा न्यायला आली होती. घरी आल्यावर म्हणाली, "अहो, मागे त्यात कुत्रं होतं ना? आज कुठे गेलं?"

"राहिलं असेल."

"मग सांगा की त्यांना."

"त्यांना काय सांगायचं? चाळीस वर्षं हेच केलंय त्यांनी."

"म्हणूनच तर सांगायचं," ती म्हणाली. "ऑफिसात गोऱ्या साहेबांना ऐकवून येता, इथे तोंडाला कुलूप?"

ते शूटिंगला इंग्लंडला गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. मी भेटायला गेलो. कोट अंगातच होता. सकाळपासून टेक घेतले, म्हणाले. जेवणाच्या सुट्टीनंतर दिग्दर्शकाने ते भाषण मुलीच्या तोंडी दिलं आणि यांना खुर्चीत बसवून नुसती मान हलवायला सांगितली. "मान मला बरोबर हलवता आली," म्हणाले.

संहिता टेबलावर उघडी होती. ते एकेका खुणेवर बोट ठेवत गेले.

"हे काय आहे?"

मी संहिता मिटायला हात पुढे केला.

"म्हणजे तुला माहीत होतं. त्या परक्या पोरांनी सगळ्यांसमोर मला सांगितलं, आणि तू इथे या खुर्चीत बसून परफेक्ट म्हणालास. अगदी वाईट नट आहेस तू. आणि तुझ्यावर मी फसलो, म्हणजे मी त्याहून वाईट."

पुढच्या शनिवारी दार उघडलं नाही. दोन महिन्यांनी त्यांची पुतणी आली आणि त्यांना इंग्लंडमधल्या एका वृद्धाश्रमात घेऊन गेली. पत्ता मी तिच्याकडून मागून घेतला. त्यांना पाठवलेलं पत्र इंग्रजीत होतं. इथे मराठीत देतो.

"आदरणीय सर,

चूक मी एकदा सांगितली होती आणि तुम्ही चिडलात. इतके महिने मी स्वतःला हेच सांगत आलो. बायकोलाही हेच सांगितलं. आमच्याकडे मोठ्यांची चूक काढत नाहीत, हेही सांगितलं. दोन्ही खरं आहे.

पण अजून एक आहे, ते कोणाला सांगितलेलं नाही. चार वर्षं तुम्ही टेबलावर थापा मारल्यात. प्रत्येक थापेला मी 'थँक यू' म्हणालो. समासात पहिल्यांदा पेन्सिल टेकवली तेव्हा मला बरं वाटलं. दुसऱ्या वेळी जास्त बरं वाटलं. तुम्ही चुकत होतात आणि ते फक्त मला माहीत होतं. आदर होता, पण त्याच्या आडून मी हेही केलं.

तुमची चिडायची खोड तर मी रबराने पुसून टाकू शकत नाही. चिडला नसतात तर मी बोललो असतो. याचा थोडा दोष तुमच्याकडे ठेवतो. बाकीचा माझा.

मी आज चार माणसांसमोर उभा राहून बोलतो ते तुमच्यामुळे. जे काम तुम्हाला शेवटचं हवं होतं, ते माझ्या गप्प बसण्याने गेलं.

उत्तर नाही दिलंत तरी चालेल, असं आम्ही पत्रात लिहितो. मी लिहीत नाही. मला उत्तर हवं आहे, शिव्या असल्या तरी.

तुमचा शेजारी"