यशूच्या बापाची घाबरगुंडी

लहान मूल घरात आलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते कपाटावरच्या धुळीसारखे आपोआप साठतात. अंबरनाथच्या आनंदनगरला आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये चहाच्या वेळी कुणीतरी विचारतं, "मिलिंद, काय म्हणते रे तुझी यशू?" की मी सुरू! मंडळी खो खो हसतात. मीही हसतो. पण खरं सांगू? यातली एकही गोष्ट घडत असताना मी हसलो नव्हतो. प्रत्येक वेळी माझे हातपाय गार पडले होते.

यशू म्हणजे यशोधरा. वय पावणेतीन. आम्ही बदलापूर वेस्टला, बेलवलीत, चौथ्या मजल्यावर राहतो. मी, बायको प्रज्ञा, माझी आई आणि यशू. प्रज्ञा उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. यशू सकाळचे तीन तास प्लेस्कूलला जाते, बाकीचा दिवस तिच्या आजीकडे. मी कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर मालात खोट शोधायची, हे माझं काम. घरी आलो तरी ती सवय सुटत नाही. कुठे काय बिघडू शकतं, तेच आधी दिसतं.

*

एका दुपारी आई चवळी निवडत होती. निवडता निवडता बसल्या जागी तिचा डोळा लागला. मी सुट्टीवर होतो, आत काहीतरी करत होतो. बाहेर आलो तर यशू शांत उभी. एक बोट नाकाला.

"काय झालं यशू?"

"चवळी गेली."

"कुठे गेली?"

"घरात."

नाकात मोबाइलचा टॉर्च मारला. खोल आत पांढरं काहीतरी चमकलं! चिमट्याने काढायला जावं तर ती मान हलवते. जोरात श्वास घेतला आणि चवळी श्वासनळीत गेली तर? आईला उठवलं, स्कूटरवर मधे यशू, मागे आई, आणि थेट कॅम्प पाच. रस्ताभर मी ओरडत होतो, "यशू, तोंडाने श्वास घे! तोंडाने!" सिग्नलला बाजूचा रिक्षावालाही तोंड उघडून श्वास घ्यायला लागला.

प्रज्ञाच्या लॅबशेजारी नाक-कान-घशाचे एक म्हातारे सिंधी डॉक्टर आहेत. त्यांनी बघितलं, आणि हत्यार न काढता, धावत आलेल्या प्रज्ञाला म्हणाले, "आप माँ हैं ना? इसके मुँह में ज़ोर से फूँक मारो. नाक की दूसरी साइड मैं दबाता हूँ." प्रज्ञाने फुंकर मारली. फट्! चवळी डॉक्टरांच्या शर्टावर.

मी खुर्चीवर मटकन बसलो. डॉक्टर यशूला म्हणाले, "बस, एक ही थी ना?"

यशूने मान हलवली. "एक आजीला."

तेवढ्यात बाहेरच्या बाकावरून आईचा आवाज आला, "अरे मिलिंद, काय म्हणाले डॉक्टर? जरा मोठ्याने बोला रे, या कानाने काही ऐकूच येत नाहीये!"

*

प्लेस्कूलचा पहिला आठवडा. रोज साडेदहाला पालकांच्या ग्रुपवर वर्गाचा फोटो येतो. सगळी पिल्लं गोल करून बसलेली असतात. मी प्रॉडक्शन लाइनवर उभा राहून तो फोटो झूम करतो आणि यशूला शोधतो.

त्या दिवशी यशू नव्हती.

परत बघितलं. एकेक चेहरा मोजला. सोळा मुलं, यशू नाही! सकाळी मीच तिला सोडलं होतं, गेटवर शाळेच्या सुमनमावशींच्या हातात तिचा हात दिला होता. टीचरना फोन लावला, उचलला नाही. शाळेचा नंबर एंगेज. मी सुपरवायझरला फक्त "मुलगी" एवढंच म्हणालो आणि स्कूटरला किक मारली. अंबरनाथहून बेलवलीपर्यंत डोक्यात जे जे येऊन गेलं ते सांगत नाही. तुम्हालाही मुलं आहेत.

गेटवर सुमनमावशी मला बघून दोन पावलं मागे सरकल्या. माझ्या डोक्यावर कंपनीचं पिवळं हेल्मेट, पायात सेफ्टी शूज, नाकावर मास्क तसाच!

"यशू कुठाय? फोटोत नाहीये ती!"

आतून स्वाती टीचर आल्या. घामाघूम. त्यांच्या कडेवर यशू, टीचरच्या ओढणीचं टोक घट्ट धरून.

"फोटोत कशी असेल सर?" त्या म्हणाल्या, "सकाळपासून उतरतच नाहीये! फोटो काढला तोसुद्धा हिला घेऊन, एका हाताने."

*

हा अगदी छोटा आहे.

यशू दुपारची झोपली की मी सुट्टीच्या दिवशी दर थोड्या वेळाने जाऊन तिच्या नाकासमोर बोट धरतो. बोटाला श्वास जाणवतो ना बघतो. प्रज्ञा म्हणते, "वेडा आहेस तू." असेन. पण बोटाला ती कोमट हवा लागेपर्यंत माझा स्वतःचा श्वास अडकलेला असतो.

एकदा असंच बोट धरलं. काहीच लागेना. अजून जवळ नेलं. अजून जवळ.

यशू डोळे न उघडता म्हणाली, "पप्पा, मी आहे."

*

आता हा किस्सा प्रज्ञाचा. तिने सांगितला तसा सांगतो.

ती लॅबमध्ये, हातात कुणाच्या तरी रक्ताची ट्यूब. फोन वाजला. स्वाती टीचर. आवाज एकदम खाली गेलेला. "मॅडम, आम्हाला आत्ताच कळलं. अशा वेळीसुद्धा तुम्ही यशूला शाळेत पाठवलंत... काही मदत लागली तर सांगा हं."

"कशाबद्दल बोलताय तुम्ही?"

टीचर हळूच म्हणाल्या, "यशू सगळ्यांना सांगतेय... पप्पांचा... पप्पा मेले म्हणून."

प्रज्ञाने ट्यूब स्टँडमध्ये ठेवली. मला फोन लावला. स्विच्ड ऑफ. परत लावला. स्विच्ड ऑफ. सकाळी मी पोचल्याचा मेसेजही केला नव्हता. यशू आजीबरोबर शाळेत गेली, म्हणजे आजीला कुणाचा तरी फोन आला असणार, पोरीने ऐकलं असणार, आणि आजी आपल्याला सांगायला घाबरत असणार, असं तिने सगळं जुळवलंसुद्धा! शेवटी कंपनीच्या लँडलाइनवर फोन करून तिने माझं नाव सांगितलं. ऑपरेटर म्हणाला, "होल्ड करा." त्या होल्डवर बासरी वाजत होती. प्रज्ञा म्हणते, ती बासरी आता कुठेही ऐकली की ती आधी मला फोन लावते.

मी फोनवर आलो. "हॅलो, कोण?"

पलीकडून आधी नुसतं रडणं. मग, "जिवंत आहेस ना? मग फोन कुठे घातलायस मेल्या!"

तेव्हा कुठे उलगडा झाला. सकाळी निघताना चार्जिंग बघून मी कपाळावर हात मारला होता. "गेला! आज माझा फोन मेला!" यशू शेजारी बसून दूधबिस्किट खात होती.

*

प्लेस्कूलमध्ये मध्यंतरी सेफ्टी वीक झाला. कुणी अनोळखी माणसाने उचललं तर काय करायचं? हातपाय झाडायचे आणि जोरात ओरडायचं! टीचरनी बाहुला घेऊन शिकवलं. चांगलंच शिकवलं. आपल्याकडे आता हे शिकवल्याशिवाय भागत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

त्याच रविवारी आम्ही उल्हासनगरला मार्केटमध्ये. प्रज्ञा ब्लाउजपीस मॅच करायला दुकानात गेली, मी यशूला घेऊन बाहेर. समोर लाइटचे बूट दिसले. यशूला हवे. मी नाही म्हणालो, उचललं आणि चालायला लागलो.

"सोड मला! हा माझा पप्पा नाही!"

एवढ्याशा छातीतून एवढा आवाज! मी दबक्या आवाजात म्हटलं, "यशू, गप." तिने अजून जोरात, "वाचवा!"

बुटांच्या दुकानातला माणूस बाहेर आला. "ओ भाईसाब, रुको ज़रा." स्कूटरवरच्या दोघांनी स्कूटर आडवी घातली. एकाने मोबाइल वर धरून शूटिंगच सुरू केलं. "किसकी बच्ची है?" "मेरी है." "तो रो क्यों रही है?" माझे शब्द अडखळायला लागले, आणि जसजसे अडखळले तसतसा मी स्वतःलाच चोर वाटायला लागलो. फोनमधले फोटो दाखवले. एक जण म्हणाला, "फोटो तो कोई भी रख सकता है." कुणीतरी मागून माझी कॉलर धरली. अशा गर्दीचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितलेत. पुढे काय होतं तेही बघितलंय.

पापडाच्या दुकानातल्या एक वयस्क सिंधी बाई उठून मधे आल्या. "हटो सब. बच्ची से पूछने दो." यशूच्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, "बेटा, ये कौन है?"

यशूने विचार केला. "मिलिंद."

"और मम्मी कहाँ है?"

"ब्लाउजमध्ये."

तेवढ्यात पिशव्या टाकून प्रज्ञा धावत आली आणि कॉलर सुटली. लोक सॉरी सॉरी म्हणत पांगले. त्या बाईंनी मला पाणी दिलं.

गाडीपर्यंत आल्यावर यशू माझ्या खांद्यावरून म्हणाली, "पप्पा, मी जोरात ओरडले ना? टीचरने सांगितलं होतं."

माझी कॉलर अजून चुरगळलेलीच होती. तरी म्हणावंच लागलं, "शाब्बास. असंच ओरडायचं."

*

आणि हा शेवटचा. हा मी कँटीनमध्ये अजून सांगितलेला नाही.

बेडरूमच्या खिडकीची ग्रिल गंजली होती म्हणून फॅब्रिकेटर काढून घेऊन गेला होता. खिडकीला लागूनच बेड. म्हणून बेडरूमचं दार आम्ही बंदच ठेवत होतो. रविवारी सकाळी आई कपड्यांच्या घड्या ठेवायला आत गेली, आणि ती बाहेर पडता पडता यशू तिच्या बाजूने आत सटकली. धाडकन दार, आणि टक्! आतून लॉक.

किल्ली? बेडरूमच्याच कपाटात.

"यशू, बटण फिरव बाळा!"

"फिरत नाही." मग बेडची करकर, आणि आनंदाने मारलेली हाक, "पप्पा, कबुतर!"

कबुतर म्हणजे खिडकी. काच सरकवता येते तिला. मी दारावर खांदा मारायला मागे सरलो तर शेजारचे निकमकाका, रिटायर्ड फिटर, स्क्रूड्रायव्हर घेऊन धावत आले होते, त्यांनी मला धरलं. "अरे, पोरगी दाराला टेकलेली असली तर?"

दाराजवळ असली तर दार तोडता येत नाही. दाराजवळ नसली, तर खिडकीत आहे.

काका लॉकचे स्क्रू काढायला बसले. तेव्हा आई जमिनीवर बसली. दाराखालच्या फटीजवळ तोंड नेलं, हात जोडले, आणि रोज सकाळी दोघी वंदनेला बसतात त्याच आवाजात म्हणाली,

"बुद्धं सरणं..."

आत शांतता. मग बेडची करकर. पावलं. आणि दाराच्या अगदी पलीकडून,

"गच्छामि!"

रोजचं ठरलेलं आहे, अर्धं आजीचं, शेवटचं यशूचं. "धम्मं सरणं..." "गच्छामि!" "संघं सरणं..." "गच्छामि!" पहिला स्क्रू निघाला. "दुतियम्पि बुद्धं सरणं..." आई एकेक शब्द लांबवत होती. दुसरा निघाला, तिसरा निघाला. "ततियम्पि..." चौथा स्क्रू गंजलेला. काकांचा हात घसरत होता. "ततियम्पि संघं सरणं..."

"गच्छामि! साधू, साधू, साधू! झालं!"

पहिलं, दुतियम्पि, ततियम्पि, असं तीनदा झालं की संपतं. पावलं लांब गेली. बेड करकरला. आणि मग काच सरकल्याचा आवाज आला. सर्र...

आईने माझ्याकडे बघितलं. बाबा गेले तेव्हासुद्धा तिचा तसा चेहरा मी बघितला नव्हता. वंदनेत आमच्या कुणाची एक मात्रा चुकली तर परत पहिल्यापासून म्हणायला लावणारी बाई ती. तिने डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणाली,

"चौथ्यांदापि बुद्धं सरणं..."

आत काहीच नाही.

"चौथ्यांदापि बुद्धं सरणं!"

बेड करकरला. पावलं धावत आली. दारावर धपाधप दोन हात आपटले. "आजी! चौथं नसतं!"

"असतं!"

"नसतं!"

"असतं गं, पाचवं पण असतं!"

"नाही, नाही, नाही!"

स्क्रू सुटला. काकांनी लॉक ओढून काढलं, दार हळूच ढकललं. यशू कमरेवर हात ठेवून उभी होती, रागाने लाल. तिच्या मागे खिडकी हातभर उघडी, आणि बाहेरच्या कठड्यावर कबुतर.

"पप्पा, आजी चुकली," ती म्हणाली.

आई उठलीच नाही. बसल्या बसल्या तिने यशूला ओढून घेतलं, डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवला आणि म्हणाली, "हो गं माझे बाई, चुकले. सांग बरं, किती वेळा म्हणायचं?"

यशूने एकेक करत तीन बोटं वर केली.