हळदीच्या अंगणातला बेस

नोकरीसाठी नांदेडहून आल्यावर मी पिरंगुटला एका शेतकरी कुटुंबाच्या वरच्या खोलीत भाड्याने राहू लागले. सुट्टीच्या दिवशी माझा छोटा अ‍ॅनालॉग बेस सिंथेसायझर, म्हणजे खर्जातले सूर काढणारं यंत्र, घेऊन बसायचे. त्यावर बटणांची एक ओळ असते; प्रत्येक बटणावर एकेक सूर ठेवला की यंत्र त्या सुरांची ओळ पुन्हा पुन्हा वाजवत राहतं. माझ्या ओळी मात्र कित्येक महिने ठोकळ्यासारख्याच वाजत होत्या.

घरमालकीण काकूंच्या मुलीच्या हळदीला ठरलेला डीजे आलाच नाही, तेव्हा काकू धापा टाकत वर आल्या. "तुजं ते घुमणारं यंत्र खाली आण की. आमचं भावजी ढोलकी वाजवत्यात, पण तेवढ्यावर पोरी न्हाई नाचायच्या."

अंगणातल्या मांडववाल्याच्या स्पीकरला मी वायर जोडली. ढोलकीशी वेग जुळवला, तरी माझे सूर तिला दाबून टाकत होते. म्हणून मी निम्मे सूर काढून टाकले आणि थापेला जागा करून दिली. उरलेल्यांतले दोन एकमेकांत घसरू दिले. मग फिल्टरचं बटण हळूहळू फिरवत गेले, तसा दबलेला आवाज मोकळा होऊन गुरगुरू लागला. आधी नवरीच उठली. तिच्यामागून आत्या, मावश्या, सगळ्याच.

"लई भारी! थांबू नगं!" काकू ओरडल्या आणि पदर खोचून नाचायला लागल्या.

दिवेलागणीपर्यंत कुणी खाली बसलं नाही. सगळ्यांना नाचवत होती ती ओळ मी रचलेली होती.