लग्नाच्या भातावर पेटलेली शेगडी

यशवंतपूर स्थानकावर उतरलो तेव्हा मनोहर स्कूटर घेऊन उभा होता. आम्ही दोघे एकाच वसतिगृहात फुकट जेवून शिकलो. मी पदवी घेऊन त्याच संस्थेच्या शाळेत शिक्षक झालो. तो बंगळुरात नोकरीला आला, चामराजपेटेतल्या एका जुन्या मराठी घराचा जावई झाला आणि सासूबाईंच्या गोठ्यामागे त्याने गोबरगॅस बांधला. त्या गॅसवर घरातलं सगळं शिजतं, असं तो फोनवर सांगायचा.

आमच्या वसतिगृहाचा गोबरगॅस अर्ध्या भाकऱ्या झाल्या की विझतो. संस्थेच्या अध्यक्षांनी बजावलं होतं, “परीक्षांपर्यंत संध्याकाळचा स्वयंपाक त्यावर पुरा झाला नाही, तर खड्डा बुजवून टाकू.” ज्या संस्थेने मला वाढवलं, तिच्यासाठी मी हट्टाने उभारलेली ती एकच गोष्ट. म्हणून हा प्रवास.

चामराजपेटेतली गल्ली इतकी अरुंद, की समोरून म्हैस आली तेव्हा स्कूटरच मागे घ्यावी लागली. मनोहरच्या सासूबाईंना सगळे अक्का म्हणतात.

“या हो मास्तर! आधी स्वल्प (थोडी) कॉफी घ्या, मग शेण बघा.”

अक्कांनी शेगडी पेटवली. निळी ज्योत पातेल्याच्या बुडाला भिडली. मला आनंद व्हायला हवा होता. पुढ्यातलं चित्रान्न (फोडणीचा लिंबूभात) तसंच ठेवून मी गोठ्यातल्या म्हशी मोजू लागलो.

“म्हशी बऱ्याच दिसतात,” मी म्हणालो.

“तुमच्या गोठ्यापेक्षा कमीच,” मनोहर हसला. “नुसत्या शेणावर एवढा गॅस होत नाही रे. दुपारी चल, दाखवतो.”

दुपारी आम्ही जवळच्या कल्याण मंडपात (लग्नाच्या कार्यालयात) गेलो. पंगती उठल्या होत्या. मोठमोठ्या पातेल्यांत भात, सारू (पातळ आमटी), खीर तशीच पडलेली. मनोहर लिंबाच्या फोडी वेचून बाजूला टाकत होता, उरलेलं डब्यांत भरत होता. “शेणात हे रोज थोडंथोडं मिसळायचं. एकदम ओतलंस तर सगळं आंबट होतं, गॅस बसतो.”

मी भाताकडे बघत राहिलो. आमच्या वसतिगृहात ताटाला शीतही चिकटून राहत नाही. दुसऱ्याच्या उकिरड्याचा हेवा मला आयुष्यात पहिल्यांदा वाटला. त्या विचारात पाय सारूत घसरला आणि प्रवासासाठी शिवलेली नवी पँट गुडघ्यापर्यंत भिजली.

“मास्तर, तुम्हालाच टाकीत घालावं लागतंय!” घरी अक्का हसल्या.

परतताना मनोहर म्हणाला, “तुझ्याकडे काय टाकून देतात, ते बघ.” मला ते बोलणंही झोंबलं. कल्याण मंडप असलेल्या माणसाला असं सांगायला काय जातं? गाडीत खिडकीशी बसून मी त्याचं शहर, त्याची सासू, त्याची लग्नसराई सगळ्यांवर चडफडत राहिलो.

गावच्या फाट्यावर एसटीतून उतरलो आणि गुऱ्हाळाचा वास आला. काहिलीच्या कडेला मळीचा (रस उकळताना वरून काढलेल्या फेसाचा) ढीग होता, माश्या घोंगावत होत्या. शाळेत जाताना त्या वासाने मी नाक दाबत आलो होतो.

“मळी देता का?” मी विचारलं.

गुऱ्हाळवाल्याने माझ्या डागाळलेल्या पँटीकडे पाहिलं. “न्या की सगळी. पण सर, बंगळुराला जाऊन हेच शिकलात?”

रोज थोडीथोडी मिसळत गेलो. मनोहरला गाठायच्या घाईत एकदा जास्त ओतली. ज्योत मेली आणि पुन्हा नुसत्या शेणावर धीर धरावा लागला. परीक्षा तोंडावर आल्या तेव्हा एका संध्याकाळी स्वयंपाकाच्या मामींनी शेवटची भाकरी त्याच शेगडीवर फुगवली. अध्यक्ष दारात उभे होते. ते आत येऊन जेवायला बसले.

ज्योतीचा फोटो मनोहरला पाठवला. उत्तर आलं, “अक्का म्हणतात, स्वल्प बुटकी आहे.”

मामींना वाचून दाखवलं. “त्यांना सांगा, आमच्याकडे भाकरी पुरते आणि उरत नाही,” त्या म्हणाल्या.

मी तसं कळवलं नाही. त्या उरलेल्या भाताचा हेवा अजून गेलेला नाही. एक दिवस आमच्या पातेल्यातही भात उरावा, असं मला वाटतं. आणि तो टाकीत जायच्या आधी एखाद्या मुलाने उठून पुन्हा वाढून घ्यावा.