अण्णांची काळी दोन

माझे वडील बेसूर गातात हे मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, लॅपटॉपच्या पडद्यावर, हिरव्या रेघांत दिसलं. तोपर्यंत तेलगाव ते अंबाजोगाई या पट्ट्यात ज्यांना म्हणून कान आहेत, त्यांपैकी कुणी ही तक्रार केली नव्हती. मीही नाही. मी तर ते गाणं ऐकत त्यांच्या मांडीवर झोपलेला माणूस.

अण्णा जिनिंगमध्ये फिटर होते. दिवसभर यंत्रं, संध्याकाळी गाणं. जयंतीची मिरवणूक, विहारातला कार्यक्रम, कुणाचं लग्न, कुणाच्या पुण्यानुमोदनाचा दिवस. बोलावणं आलं की इस्त्रीचा पांढरा सदरा घालून निघायचे. स्वतः रचलेली अकरा गाणी. ती कुठं छापलेली नाहीत. वहीत ध्रुवपदं तेवढी आहेत, बाकी सगळं घशात. आणि या उन्हाळ्यात त्याच घशात गाठ निघाली.

तपासण्या झाल्या, ऑपरेशनला पंधरा दिवसांनंतरची तारीख मिळाली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, गाठ निघेल, पण आवाज पहिल्यासारखा राहील असं सांगता येणार नाही. अण्णांनी एवढंच विचारलं, "जेवता येईल ना?" येईल म्हटल्यावर उठले. रिक्षात बसल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती अकरा गाणी कुठंतरी धरून ठेव."

धरून ठेवायची तर साथीला पेटी हवी. अण्णांना जन्मभर साथ करणारे पेटीवाले चार वर्षांपूर्वी गेले. त्यांची पेटी मुलीकडे गेली आणि तिथं उंदरांनी तिचा भाता खाल्ला. दुसऱ्या पेटीवाल्याबरोबर अण्णा गायले नाहीत. साथ लागलीच तर टाळी देऊन, मोकळ्या आवाजात गायचे.

बायकोचा भाऊ बीडला डीजेसाठी गाणी तयार करतो. त्याच्या खोलीच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले आहेत आणि दारावर ‘साउंड डिझायनर’ अशी पाटी आहे. त्याला फोन केला, तर तो म्हणाला, "दाजी, पेटी शोधत बसू नका. सॉफ्टवेअर सिंथ टाका. लॅपटॉपमधीच सगळी वाद्यं. आमी तेच करतोत."

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. पुस्तकांच्या मलपृष्ठांवरची स्तुती रोज वाचून मला कौतुकाच्या भाषेचं पित्त झालेलं आहे. तरीही सिंथेसायझरच्या जाहिरातींनी मला चकित केलं. ही वस्तू म्हणजे लॅपटॉपच्या पोटात बसवायचं वाद्य. लाकूड नाही, तार नाही, चामडं नाही. गणितानं सूर बनतो. रेकॉर्डिंगच्या मुख्य सॉफ्टवेअरला ती जोडायची असते, म्हणून तिला प्लगइन म्हणायचं. इथवर ठीक. पण एकेकाचं रूप विमानाच्या चालकापुढच्या फळीसारखं, शंभर बटणं, आणि तयार आवाजांची नावं अशी, की ठेवणारा माणूस मोक्षाच्या दोन पायऱ्या खाली उभा असावा. ‘हिमालयाचा पहिला श्वास’ नावाचा आवाज मी मोठ्या अपेक्षेनं वाजवला. आमच्या पाण्याच्या मोटारीत हवा धरली की असाच आवाज येतो. ‘भारतीय’ म्हणून एक कप्पा होता. त्यात हॉटेलच्या लिफ्टमध्ये वाजावं तसं काहीतरी होतं. पेटी तिसऱ्या पानावर सापडली, अकॉर्डियनच्या खाली, दूरच्या नातेवाइकासारखी.

सामानाच्या खोलीत गाद्या उभ्या करून मी मायक्रोफोन लावला. पंखा बंद, दार बंद, मे महिना. अण्णा बनियनवर बसले. कानाला हेडफोन लावून मी त्यांना काळी दोन वाजवून दाखवली. पेटीवरची दुसरी काळी पट्टी. तिलाच सा धरून ते आयुष्यभर गात आले. हे मला पाठ होतं. कुणाची रास सांगावी तशी आमच्याकडे पाहुण्यांना अण्णांची पट्टी सांगितली जायची.

अण्णांनी ऐकलं, तोंड वाकडं केलं. "ही पेटी उतरलेली हाय."

मला वाटलं, आवाज आवडला नाही. दुसरं प्लगइन लावलं. "ही बी उतरलेली." तिसरं चाचणीपुरतं फुकट होतं आणि दर मिनिटाला मधेच फुस्स करायचं. अण्णा म्हणाले, "ह्याला माझ्याआधी दवाखान्यात न्या." वैतागून मी एक पट्टी वर चढवून दिली. "आता चढली," ते म्हणाले. "तुझं यंत्र एक तर खड्ड्यात जातंय, न्हाई तर माडीवर."

एवढं स्पष्ट बोललेलं मी ऐकलं आणि त्यातून भलताच अर्थ काढला. माणूस आजारी आहे, घाबरलेला आहे, म्हणून त्याला काहीच पसंत पडत नाही, असं मी ठरवलं आणि अधिक चांगल्या प्लगइनच्या शोधाला लागलो. नऊ दिवसांत चौदा प्लगइनं झाली. एकाचा आवाज ‘उबदार’ होता, एकाचा ‘जाड’. ही विशेषणं परीक्षण करणाऱ्यांची, मी ती स्वेटर आणि भाकरीसाठी राखून ठेवतो. रात्रंदिवस परदेशी लोकांचे व्हिडिओ पाहून मीही बायकोशी तसंच बोलायला लागलो होतो. ती एकदा म्हणाली, "गाणी किती झाली?" एकही झालं नव्हतं.

शेवटी मेहुण्यानं मार्ग सुचवला. आधी मामांचा, म्हणजे अण्णांचा, नुसता आवाज घ्या, पेटी मागाहून चिकटवू. मी अण्णांचं पहिलं गाणं साथीशिवाय घेतलं. ते डोळे मिटून गायले आणि मला वाटलं, आता जमलं. मग त्याखाली एकेक प्लगइन लावून पाहिलं. चौदाही पेट्या आणि अण्णा एकमेकांशी भांडण झाल्यासारखे वाजत होते. सूर मोजणारं एक साधन असतं. त्यात प्रत्येक सुराची एक रेघ असते आणि गाणाऱ्याचा आवाज हिरव्या नागमोडी ओळीनं दिसतो. ते उघडलं. अण्णांची ओळ एकाही रेघेवर नव्हती. सा दोन रेघांच्या मधोमध. पंचम मधोमध. गाणं संपेपर्यंत सगळं मधोमध.

मी खुर्चीत मागे टेकलो.

ते चित्र मेहुण्याला पाठवलं आणि फोन लावला. हात लॅपटॉपवर होते म्हणून फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजावर टाकला. तो म्हणाला, "दाजी, प्लगइन लाख बदला, काई होणार न्हाई. लोचा पेटीत न्हाईच."

"मग कशात आहे?"

"राग येऊ देऊ नका. मामा बेसूर हायत. लई न्हाई, पण हायत. सॉफ्टवेअरनं आवाज सरळ करा. आजकाल सगळेच करतात, कोणाला कळतंय?"

मी म्हणालो, "वय झालं आता. कान गेले असतील."

हे वाक्य माझं आहे. मेहुण्याचं नाही, पडद्याचं नाही. पलीकडच्या खोलीत पलंगाचा करकर आवाज झाला तेव्हा मला कळलं की अण्णा जागे आहेत.

ते दारात आले. रागावलेले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. म्हणाले, "कधीपासून?"

"काय?"

"बेसूर. कधीपासून गातोय मी?"

मी लॅपटॉपचं झाकण पाडलं. ते म्हणाले, "लोकांनी तोंडावर सांगायला पायजे होतं," आणि जाऊन झोपले. दुसऱ्या दिवशी सामानाच्या खोलीतल्या गाद्या त्यांनी स्वतः उचलून जागेवर ठेवल्या. नातेवाईक भेटायला आले आणि गाण्याचा विषय काढला, तर म्हणाले, "ते आता बंद." ऑपरेशनला पाच दिवस होते.

मी तरीही एक ओळ सॉफ्टवेअरनं सरळ करून पाहिली. अण्णांच्या तोंडून बँकेची सूचना ऐकल्यासारखं वाटलं. पुसून टाकली.

खरी पेटी समोर ठेवली तर कदाचित गातील, एवढ्या आशेवर मी बाजारातल्या मिस्त्रीचाचांकडे गेलो. त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. पूर्वी ते पेट्याही दुरुस्त करायचे. अण्णांच्या साथीदाराची पेटी त्यांच्याच हातातली. चाचा म्हणाले, "पेटीचं काम सोडलं साहेब. सूर घासायला नजर लागती, ती गेली. अण्णांचं गाणं हाय का फोनमधी? ऐकवा."

मी ऐकवलं. त्यांनी हातातली तांब्याची तार खाली ठेवली आणि पूर्ण गाणं ऐकलं. "वा. मग खराबी कशात हाय?"

"बेसूर नाही वाटत?"

"कोण बोललं?"

"मशीन."

चाचा हसायला लागले आणि हसता हसता खोकले. "मशीनला काय मालूम? साहेब, ही काळी दोन कंपनीची न्हाई. ही मी बनवलेली हाय."

मग त्यांनी सांगितलं ते मी दुकानाच्या पायरीवर बसून ऐकलं. अण्णा तरुण असताना त्यांना काळी दोन खाली पडायची आणि तिच्या शेजारची पांढरी तीन गळ्याला लागायची. कार्यक्रम लांबला की आवाज बसायचा. तेव्हा अण्णा आणि पेटीवाले दोघं मिळून पेटी घेऊन चाचांकडे आले. चाचांनी अण्णांना स्टुलावर बसवून गायला लावलं, जिथं आवाज मोकळा सुटला ती जागा पकडली आणि पेटीच्या पोटातल्या, सूर देणाऱ्या सगळ्या पितळी पट्ट्या एकेक करून घासून त्या जागेवर आणल्या. तीन दिवस लागले.

"सगळी पेटी?"

"सगळी. गळा थोडाच घासता येतो? अण्णा रोज जिनिंग सुटली की यायचे. मी बोललो, आता ही पेटी दुसऱ्या कोणाच्या कामाची न्हाई. ते बोलले, नसू द्या."

म्हणजे जगाच्या दोन सुरांमधल्या फटीत एक पेटी होती आणि तिच्यावर एक माणूस चाळीस वर्षं गायला. पेटी गेली, वाजवणारा गेला, आणि चार वर्षं जवळ काहीही नसताना हा माणूस ती जागा केसाइतकीही न सोडता उभा होता. माझ्या पडद्यावर सगळे सूर सारख्याच अंतरानं हटलेले होते. बेसूर माणूस इतक्या शिस्तीत चुकत नाही. हे मला दिसत होतं, नुसतं दिसत होतं. ज्या माणसानं पाट्या, पदव्या आणि मलपृष्ठं यांची जन्मभर टिंगल केली, त्यानं, म्हणजे मी, हिरव्या रेघेपुढे बापाला उभं करून निकाल दिला होता. घरापर्यंतचा रस्ता मी कसा आलो ते आठवत नाही.

अण्णा खाटेवर बसून नखं काढत होते. मी म्हणालो, "अण्णा, चूक माझी आहे. चाचांनी सगळं सांगितलं. तुम्ही बरोबर गाताय."

"ते मला माहीत हाय," ते म्हणाले. मग, "दोन दिवस माहीत नव्हतं."

त्यांनी नखं काढायचं थांबवलं.

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुला, पेटी उतरलेली हाय म्हणून. ऐकलं कावून न्हाई?"

"मला वाटलं, तुम्हाला त्या पेटीचा आवाज पसंत नाही."

"आवाजाचं काय? पत्र्याच्या डब्याचा असला तरी चालतो. जागा बरोबर पायजे."

मी लॅपटॉप त्यांच्यासमोर आणला. चौदाच्या चौदा प्लगइनांत सूर बारीक बारीक वरखाली करायचं एक बटण होतं. शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केलेले असतात आणि हे बटण एकेक भागानं सरकतं. नऊ दिवस ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. आता कुठलं प्लगइन घ्यायचं हा प्रश्न दोन मिनिटांत सुटला: सगळ्यांत पहिलं, फुकटातलं, सरकारी फॉर्मसारखं दिसणारं. त्यात ते बटण सर्वांत मोठं होतं.

मी काळी दोन दाबून धरली. अण्णांनी हेडफोन लावले. "वर घे. अजून. अजून जरा. थांब, गेली पुढं. मागं. हां."

सत्तेचाळीस. पडद्यावर त्यांचा सा काळी दोनच्या रेघेपासून किती भाग वर आहे, ते मी मोजलं. सत्तेचाळीस. ते मात्र यंत्र बघत नव्हते. यंत्र त्यांच्या जागेवर सरकलं याचंच त्यांना नवल वाटत होतं. "नुसतं फिरवलं की हलतंय?" त्यांनी विचारलं. "चाचाचे तीन दिवस गेलते." आणि गाद्या आणायला उठले.

पुढच्या तीन दिवसांत दहा गाणी झाली. सकाळी दोन, दुपारी एखादं, मध्ये कोमट पाणी. बायकोनं कुकर लावायचा बंद केला. मेहुण्याला पहिलं गाणं पाठवलं, तर त्याचा उलटा फोन आला. म्हणाला, "दाजी, मामांना माझं बोलणं कळलं का?" मी म्हणालो, "ऐकलं त्यांनी." तो दुसऱ्या दिवशी बीडहून मोटारसायकलवर आला, अण्णांच्या पाया पडला आणि कुठलंही इंग्रजी विशेषण न वापरता जेवून गेला.

दाखल व्हायचं होतं त्या दिवशी दुपारी अकरावं गाणं राहिलं होतं. पिशवी भरून दाराशी ठेवलेली. अण्णांचा आवाज सकाळपासून जड होता, गिळताना मान हलत होती. मी म्हणालो, राहू द्या. त्यांनी हेडफोन लावले, सूर ऐकला आणि मान हलवली.

"आज थोडं खाली घे."

मी एकेक भाग कमी करत गेलो. सेहेचाळीस, पंचेचाळीस. "अजून." त्रेचाळीसला ते घुटमळले, एकेचाळीसला डोळे मिटले. "अजून एक." चाळीस. शंभरातला एक भाग मला ऐकूच येत नाही. मी फक्त आकडा बघत होतो.

"बस," ते म्हणाले. "आज इथं हाय मी."

मी रेकॉर्डचं बटण दाबलं आणि त्यांनी सा लावला.