सुलटा सदरा

आज कामावर जाताना उद्यमबागच्या बसमध्ये शेजारचा म्हणाला, "आण्णा, सदरा उलटा घातलायसा." शिवणीवर हात गेला आणि बायकोची आठवण झाली.

आमच्या गल्लीत फौंड्रीची काळी धूळ दोरीवरच्या कपड्यांवर बसते. म्हणून ती सगळं धुणं उलटं वाळत घालायची आणि घडी घालताना सुलटं करायची. लॉकडाऊनमध्ये फौंड्रीच्या भट्ट्या विझल्या, तेव्हा एका सकाळी तिनं मला गच्चीवर हाक मारली. एरवी धुरात दडलेला यळ्ळूरचा गड हाताशी आल्यासारखा दिसत होता आणि दोरीवर माझा पांढरा सदरा चक्क सुलटा हलत होता.

"अवो, बोट लावून बघा की! कायबी लागत न्हाय."

बोट खरंच कोरं राहिलं. काम परत कधी सुरू होतंय या धास्तीत मी नुसता 'व्हय' म्हणालो. ती मात्र लई वेळ त्या सदऱ्याकडं बघत उभी होती.

भट्ट्या पुन्हा पेटल्या. पुढं ती गेली. धुणं उलटं वाळत घालायचं आता माझ्या हाताला बसलंय, पण घडी कोण घालतंय? दोरीवरनं काढतो तसा अंगात घालतो. आणि कुलूप लावून निघताना, "अवो, थांबा जरा" म्हणणारं दारात कुणी नसतं.