बाळाला दुधाशिवाय काही नाही

आमच्या इस्पितळात तान्ह्या बाळांच्या पोटावर संशोधन चालतं. दूध कसं पचतं, रोगाशी लढायची ताकद पोटात कशी येते, हे शोधायला मोठमोठी शिकलेली माणसं आहेत आणि कपाटाएवढं यंत्र आहे. या सगळ्याची सुरुवात माझ्यापासून होते. मी आया. लंगोटातली शी चमच्यानं डबीत भरायची, चिठ्ठी चिकटवायची, बर्फाच्या पेटीत ठेवायची. चौथी शिकलेल्या बाईला विज्ञानात याहून वरची जागा कोण देणार?

फॉर्म भरणारी मुलगी दर आईला कन्नडमध्ये विचारते, "बाळाला दुधाशिवाय काही देता?" दर आई म्हणते, "काही नाही." मुलगी खूण करते. ती खूण कॉम्प्युटरमध्ये जाते आणि तिथं तिचं ज्ञान होतं.

होसकोटेहून तीन महिन्यांचा एक मुलगा आला होता. जुलाब थांबेनात, वजन रोज उतरत होतं. सोबत आई आणि आजी. दोघींनी सांगितलं, काही नाही. पण बाळाच्या लाळेऱ्याला वेखंडाचा वास येत होता. मला तो लगेच कळला. माझ्या मुलीच्या वेळी मीही गुटी उगाळून द्यायचे आणि नर्सला असंच "काही नाही" म्हणाले होते.

मी खाटेपाशी लंगोट बदलत होते, तेव्हा आजी सुनेला मराठीत म्हणाली, "आज हिरडा कमी करते. जायफळ दोन वेढे जास्त."

"अत्ते, पण डॉक्टर विचारत होत्या ना."

"विचारू दे. स्वल्प गप्प बस."

"ही बाई ऐकतीय."

"तिला काय कळतंय मराठी!"

आजीचंही बरोबर होतं. वॉर्डात मी कन्नडमधलं "हू" आणि "सरी", म्हणजे हो आणि बरं, याखेरीज काही बोलत नाही. मल्लेश्वरमच्या बाजारात भाजीसुद्धा बोट दाखवून घेते. आमच्या घरात कित्येक पिढ्या मराठी बोलतात, हे तिला कुठून कळावं?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई म्हणाल्या, उद्या बाळाला भूल देऊन घशातून नळी घालू, पोटात आत काय झालंय ते बघू. एवढी हुशार नळी, पण लंगोट बदलताना मला खाटेखालच्या पिशवीत दिसलेली सहाण तिला दिसणार नव्हती.

मी डबी भरली, चिठ्ठी चिकटवली, पण पेटीत न ठेवता हातातच धरली. मग आजीजवळ गेले.

"अक्का, ती सहाण डॉक्टरांना दाखवा. नाहीतर मी सांगते."

आजी दचकली. "अय्यो! तू आमच्यातली?"

"लंगोट सगळ्यांचे सारखेच असतात, अक्का."

"माझी चार पोरं याच गुटीवर वाढली!"

"वाढली असतील. हा उतरतोय."

आजीनं पिशवी पायानं आत सरकवली. सुनेनंच खाली वाकून पिशवी ओढली आणि सहाण पोटाशी धरून डॉक्टरबाईंच्या खोलीकडे चालू लागली. मी मागून गेले, कारण माझ्या हातात डबी होती. दुसरं कारण माझं ते जुनं "काही नाही", ते सांगायला मला लाज वाटते.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "उगाळायला पाणी कुठलं?"

"नळाचं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. नळी थांबवली, गुटी बंद केली. चौथ्या दिवशी शी चमच्यावर जरा उभी राहिली. इतकं सुंदर दृश्य मी त्या वॉर्डात पाहिलं नव्हतं, पण कौतुकानं बोलावं कुणाकडे? पुढच्या आठवड्यात काट्यावर वजन वाढलेलं दिसलं. आजी म्हणाली, आधीच्या गुटीचा गुण आता लागला. मी "हू" म्हटलं.

मोठ्यांची बैठक झाली आणि फॉर्मात एक प्रश्न वाढला: घरी कुणी बाळाला काही उगाळून देतं का? आता दर आजी ठामपणे सांगते, "छे, काही नाही." फॉर्मवाली मुलगी लगेच खूण करत नाही. ती आधी माझ्याकडे बघते, आणि मी बाळाचं लाळेरं नाकाजवळ नेते.