कुंडीतला आंबा

ऐंशीच्या दशकात मी गोरेगावच्या एका प्रयोगशाळेत आंब्याच्या मोहोरावर पडणाऱ्या भुरी रोगावर औषध शोधत होतो. गच्चीवरच्या कुंड्यांत कमरेएवढी कलमं होती. त्यांच्यावर फवारलं, भुरी गेली आणि साहेबांनी पेढे वाटले. लगेच पत्रकही छापलं: ‘प्रत्येक तुरा सर्व बाजूंनी भिजवावा.’ साहेबांनी आंबा पाहिला होता तो फक्त ताटात. मी लहानपणी आजोळच्या झाडांवर चढलेलो, तरी मूग गिळून बसलो.

देवगडहून मामा आले. त्यांची झाडं दुमजली घराएवढी. मी त्यांना ऐटीत गच्चीवर नेलं. त्यांनी पत्रक वाचलं, कुंडीतल्या कलमाच्या शेंड्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “माझी झाडां येवढीच आसती, तर भुरी मी पंच्यान पुसून काढली आसती रे!”